समुद्र किती पावलांवर

१२ जून, गुरुवार

घरापासून वीस मिनिटांवर मी आज पाहुणी म्हणून राहायला आले. टॅक्सीवाल्याने बॅग उतरवताना विचारलं, "आपा, कुठून आलात?" म्हटलं, "चौथ्या विभागातून." तो हसला. म्हातारी थट्टा करतेय असं वाटलं असेल. अक्ताऊत राहून अक्ताऊतल्याच हॉटेलात कोण उतरतं?

हे कसं घडलं ते लिहून ठेवते. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, माझी एकोणतीस वर्षं गेली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी समाल नावाची एक मुलगी बाटलीत पाणी घेऊन आली होती. किनाऱ्यावर नवं हॉटेल बांधते आहे, चव बघून सांगा म्हणाली. मी घोट घेतला आणि सांगितलं, "पाणी चांगलं आहे पोरी, पाइप स्वस्तातले आहेत." तिने सगळे पाइप उपटून नवे घातले म्हणे. मी विसरले होते, ती विसरली नव्हती. गेल्या आठवड्यात पाच जिने चढून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

अकरा खोल्या, दुसरा उन्हाळा. लोक पाच रात्रींसाठी येतात आणि तिसऱ्या दिवशी निघून जातात. "विचारलं की सगळे म्हणतात, फार सुंदर, फार सुंदर," समाल म्हणाली. "आपा, तुम्ही तसं म्हणणार नाही. दहा दिवस राहा. काय बिघडलंय ते शोधा. मी तुम्हाला ओळखत नाही असंच वागेन."

दारखान आल्माटीहून फोनवर हसला. "आई, या वयात हेरगिरी?" त्याला महिनाअखेर माझं उत्तर हवंय, की घर विकून त्यांच्याकडे राहायला येणार की नाही. म्हटलं, हे काम आटपू दे.

समालला द्यायचा अहवाल वेगळ्या कागदांवर लिहीन. ही वही माझी.

इथे खोल्यांना नंबर नाहीत. दारावर मासे रंगवलेत. माझ्या दारावर कुतुम आहे, डोळे अगदी आमच्या जुन्या मुख्य अभियंत्यासारखे. न्हाणीचा टब खोलीच्या मधोमध, काचेच्या भिंतीसमोर. समुद्राकडे तोंड करून उघड्यानं कोण आंघोळ करेल? मी त्यात बॅग ठेवली.

१३ जून, शुक्रवार

सकाळी सगळ्या नळांचं पाणी चाखलं. खोलीतलं, गच्चीवरचं, बागेतलं. पाण्यात काही खोट नाही. पाइपही चांगले.

चहा मात्र काचेच्या पेल्यात, दोऱ्याला लटकवलेल्या पुडीचा. दूध मागितलं तर अंगुस्तानाएवढ्या भांड्यात आणलं. मग मी सरळ स्वयंपाकघरात गेले. कुल्यान नावाची जाडजूड बाई पीठ मळत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला खरा चहा हवाय." किटली ठेवली, दूध घातलं, तळलेल्या पिठाचे गरम बाउरसाकही काढून दिले. अहवालात लिहायचं: चहा कुल्यानकडे सोपवावा.

हॉटेल देखणं आहे, ते मान्य. शिंपल्यांच्या दगडाच्या भिंती, पांढरे पडदे, गच्चीवर निळ्या चादरींच्या आरामखुर्च्या. तिथून समुद्र निळ्या रेघेसारखा दिसतो. दिवाणखान्यात भिंतभर फोटो आहे, लाट हॉटेलच्या शेवटच्या पायरीला येऊन टेकलेली. लोक त्याच्याखाली उभे राहून आपले फोटो काढतात.

दुपारी पाण्याकडे चालत गेले. लाकडी फळ्यांची वाट संपली, मग वाळू, मग शिंपले, मग पायाला चिकटणारा राखाडी चिखल, मग बोरू, आणि मग एकदाचं पाणी. तेही घोट्याएवढं, कितीही आत जा. परत येताना फळ्यांच्या टोकाशी बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर वही, बाजूला थर्मास.

"दोनशे बारा," ते म्हणाले.

"काय दोनशे बारा?"

"पावलं. पायरीपासून पाण्यापर्यंत. तुमची पावलं लहान आहेत, तुमची दोनशे चाळीस झाली असतील."

"मी मोजली नाहीत."

"मग कशाला गेला होता?"

मला आवडलं हे. इतकी वर्षं मीही लोकांना हेच विचारत आले. त्यांचं नाव कोसाय. बंदराजवळच्या ठाण्यात एकतीस वर्षं समुद्राच्या पातळीची नोंद ठेवायचे. पाण्यात रोवलेली खुणांची काठी, रोज दोनदा वाचायची. आता काठी नाही, तर पावलांनी मोजतात. मी म्हटलं, "तुम्ही समुद्राची उंची मोजलीत, मी त्याचं मीठ."

"म्हणजे आपण एकाच मालकाचे नोकर," ते म्हणाले. "आणि मालक आता दुकान बंद करून निघालाय."

उजवा गुडघा दुखतो त्यांचा, बसताना हात टेकतात. सदऱ्याचं वरून दुसरं बटण सैल आहे. नुसतं निरीक्षण.

१५ जून, रविवार

काल काही विशेष नाही. संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर फिरले. सगळं शहर तिथे उतरलेलं, गाणी, मक्याची कणसं, उंटाच्या दुधाच्या बाटल्या, चाकांच्या पाट्यांवरून सुसाट जाणाऱ्या मुली. एवढी वर्षं मी हे बाल्कनीतून ऐकलं. खाली उतरून ऐकायला निराळं लागतं.

आज आल्माटीचं नवं जोडपं गेलं. सहा रात्री राहणार होतं, तिसऱ्या दिवशीच निघालं. समाल दारात उभी राहून हसत होती. गाडी वळल्यावर ती दाराला पाठ टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिची मान डावीकडे जराशी कलते, विचार करताना. मला उगाच वाटलं, ही लकब मी कुठेतरी बघितली आहे.

मी कसून तपास केला. जोडप्याची खोली कॉफीच्या यंत्राच्या वर होती. यंत्र गाढवासारखं ओरडतं. सकाळी ती नवरी कोसाय-आगांच्या बाकाजवळ मनमोकळी हसत होती, म्हणजे तोवर मूड चांगला होता. तासाभराने वर जाऊन बॅगा भरल्या. मधल्या वेळात कॉफीचं यंत्र चालू होतं. अहवालात लिहिलं: यंत्र हलवावं.

१६ जून, सोमवार

आजचा दिवस लिहिला नाही तर पाप लागेल.

बाकूहून दोन बहिणी आल्या आहेत, सोलमाझ आणि फिरांगिझ. साठीच्या, जाड, एकसारखे गुलाबी चष्मे. नाश्त्याला माझ्याच टेबलावर असतात. कोसाय-आगांनी त्यांना सांगितलं, खरा समुद्र बघायचा तर दक्षिणेला चला. मीही गेले. पाहुण्यांबरोबर मिसळल्याशिवाय तपास कसा होणार?

त्यांची जुनी निवा गाडी. दार आतून दोरीने बांधलेलं. सोलमाझने विचारलं, "आगा, दार उघडलं तर?"

"तर तुम्ही उतरलात असं समजायचं."

तासभर पांढऱ्या कड्यांमधून गेलो आणि एकदम खाली हिरवागार डोह. कडा थेट पाण्यात उतरलेला, त्यामुळे पाणी मागे गेलं तरी तिथलं खोल ते खोलच. बाकूच्या बहिणींनी उड्या मारल्या. मी गुडघ्यापर्यंत गेले, मग कमरेपर्यंत, मग कपड्यांसकट. चव घेतली. आमच्या किनाऱ्याहून स्वच्छ. कोसाय-आगा टोपी न काढता पोहतात.

वर एक पांढरं घर आहे. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची विधवा तिथे चार खोल्या भाड्याने देते. तिने सुकवलेले मासे आणि कलिंगड दिलं. फिरांगिझ सगळ्या खोल्या बघून आली. परतताना त्या दोघी मागे बसून हळू आवाजात काहीतरी ठरवत होत्या. मी पुढे होते. कोसाय-आगा म्हणाले, "तुमच्या केसांत शेवाळ आहे." आणि पुढचे दहा किलोमीटर मी खिडकीबाहेर बघत राहिले.

१७ जून, मंगळवार

बाकूच्या बहिणी सकाळी नऊला गेल्या! आठवडाभर राहणार होत्या. मला मिठ्या मारल्या, खाऊची पुडी दिली, "फार सुंदर हॉटेल" म्हणाल्या आणि गेल्या.

माझी मतीच गुंग झाली. कॉफीचं यंत्र त्यांच्या खोलीपासून लांब. पाणी चांगलं, कुल्यानचं जेवण उत्तम, काल तर आनंदात होत्या. मग मी त्यांच्या रिकाम्या खोलीत जाऊन गादीवर पडून बघितलं. उशा! उंटाच्या मदारीएवढ्या उंच. साठीतल्या बायकांच्या माना दुखणारच. अहवालात लिहिलं.

दुपारी बाजारातून नवा रुमाल आणला डोक्याला, फिकट हिरवा. ऊन फार आहे.

१८ जून, बुधवार

सोलमाझचा फोन आला.

"अक्कुमिस, तू कधी येतेस? आम्ही त्या पांढऱ्या घरात आहोत. कोसाय-आगांना सांग, शुक्रवारी तुलाही आणतील. आणि माहितीये का, ते आल्माटीचं नवं जोडपंही इथेच आहे! आगांनीच पाठवलं त्यांना. म्हणाले, फोटोतला समुद्र तीन वर्षांपूर्वीचा आहे, कशाला चिखलात दिवस घालवता."

फोन ठेवला आणि टबाच्या काठावर बसले.

एकोणतीस वर्षं मी पाण्याच्या एका थेंबात काय काय आहे ते ओळखलं. आणि हा माणूस सहा दिवस माझ्या डोळ्यांसमोर एकेका पाहुण्याला उचलून नेत होता, तेव्हा मी उशा मोजत होते. त्यातल्या एका खेपेला तर मीच गाडीत पुढे बसले होते.

समालला लगेच सांगायला हवं होतं. ती खालीच होती, फुलदाणीतली फुलं बदलत होती. मी जिना अर्धा उतरले आणि परत वर आले. आधी त्यालाच विचारावं असं ठरवलं. न्यायाने हेच बरोबर आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तेवढंच आहे का, ते मला माहीत नाही.

१९ जून, गुरुवार

बाकापाशी गेले. बसले नाही.

"कोसाय-आगा, तुम्हाला किती मिळतात? एका पाहुण्यामागे?"

त्याने वहीतून मान वर केली. "कोण देणार?"

"पांढऱ्या घरवाली."

"ती मला कलिंगड देते. तेही तुम्ही खाल्लंत."

"मग कशासाठी करता हे? त्या पोरीने काय वाकडं केलंय तुमचं?"

त्याने वही मिटली. मग मान डावीकडे कलली, आणि मला तेव्हाच कळलं. तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"ती माझी मुलगी आहे," तो म्हणाला.

पुढचं त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बायको वारल्यावर बापलेकीत मिळून एक जुनं घर उरलं होतं, बागेसकट. समालने आपला वाटा मागितला, मग सगळंच विकलं आणि हे हॉटेल बांधायला घेतलं. पाया खणताना तो आकडे घेऊन आला होता. समुद्र जातोय, इथे बांधू नकोस. ती ऐकेना. मोठं भांडण झालं. चार वर्षं एक शब्द नाही. तो दहाव्या विभागात मेहुणीकडे राहतो आणि रोज इथे येऊन बसतो.

"आणि तिचे पाहुणे पळवता."

"पळवत नाही. लोक विचारतात, आगा, समुद्र कुठेय? मी सांगतो कुठेय. खोटं सांगू? पाहुण्याला खोटं सांगून घरात बसवायचं, हे आपल्यात कधीपासून सुरू झालं?"

"तुम्ही पाहुण्यांना सांगतच नाही आहात," मी म्हटलं. "तुम्हाला तिला सांगायचंय. ती ऐकत नाही म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला धरताय."

त्याने थर्मासचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "तुम्ही कोण आहात नक्की?" त्याने विचारलं.

"मी कुतुमच्या खोलीतली पाहुणी."

"पाहुणे असं बोलत नाहीत."

"तिनेच मला ठेवलंय. लोक का जातात ते शोधायला."

तो हसला नाही. "मग सांगा तिला," म्हणाला. "तुमचं काम आहे."

"तुम्हीच सांगा. उद्यापर्यंत वाट बघते."

असं कबूल करून मी आले. का केलं? आणि बोलता बोलता त्याने मला चहा ओतून दिला होता, तो मी उभ्याने प्याले. कडू होता.

२० जून, शुक्रवार

तो आलाच नाही. बाक दिवसभर रिकामा.

अतिराऊहून सहा जणांचं कुटुंब येणार होतं, दोन खोल्या, दहा रात्री. त्यांनी दुपारी नाही कळवलं. कुणा ओळखीच्याने त्यांना आजच्या किनाऱ्याचा फोटो पाठवला म्हणे. निदान यात कोसायचा हात नाही. पण मग कळलं, ओळखीचं म्हणजे ते आल्माटीचं जोडपं.

पाच वाजता समाल माझ्या खोलीत आली. दार लावलं आणि टबाच्या काठावर, माझ्याच जागी, बसली.

"कुल्यानला आज सांगितलं," ती म्हणाली. "ऑगस्टअखेर बंद करणार. तिच्या धाकट्याचं कॉलेज आहे, तिला आधी कळायला हवं. ती पीठ मळत राहिली." मग मला विचारलं, "आपा, काही सापडलं?"

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "उशा फार उंच आहेत."

"उशा," ती म्हणाली. मान हलवली. "बदलते."

ती गेली. मला खरं बोलणारी बाई म्हणून आणलं होतं. एवढ्या वर्षांत एकही नमुना मी खोटा लिहिला नाही, वरून फोन आले तरी. आणि आज एका सैल बटणाच्या माणसासाठी.

नाही. हे खोडत नाही. राहू दे इथेच.

२१ जून, शनिवार

नाश्त्याच्या आधी खाली गेले. समाल एकटीच होती, टेबलं पुसत होती. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. बाकावरचा माणूस, निवा, पांढरं घर. माझी फेरी. मला बुधवारपासून माहीत होतं हेही सांगितलं. त्याचं नाव घेतलं तेव्हा तिने फडकं खाली ठेवलं.

मला वाटलं, ती ओरडेल. ती म्हणाली, "बाक मीच ठेवलाय."

"म्हणजे?"

"गेल्या वर्षी मे महिन्यात ते रोज येऊन फळ्यांच्या टोकाशी उभे राहायचे. तासन्‌तास. गुडघा दुखतो त्यांचा. मी सुताराला सांगून पाठ टेकता येईल असा बाक करून घेतला आणि पहाटे ठेवून दिला. ते बसले. त्यांना कळलं की नाही, माहीत नाही." ती खिडकीकडे वळली. "मला वाटायचं, माझे कोके मला बघायला येतात."

बाहेर बघितलं तर तो येत होता. पांढरी टोपी, वही बगलेत. आज गाडी नव्हती, पायी आला होता. बाकाकडे न वळता सरळ पायऱ्यांकडे आला आणि खालच्या पायरीशी थांबला. समाल दार उघडून बाहेर गेली. गच्चीवर नाश्त्याला बसलेले तीन-चार पाहुणे होते, त्यांची कोणाला पर्वा नव्हती.

"काय सांगत होतात माझ्या पाहुण्यांना?"

"जे आहे ते."

"वर्षभर? मला बघायला येता असं वाटून मी रोज खिडकीत..." तिचा आवाज चिरकला.

"तुलाच बघायला येत होतो," तो म्हणाला. "पाहुणे मध्ये येत होते."

"मग मला का नाही सांगितलंत, पाणी इतकं लांब गेलंय म्हणून?"

"सांगितलं होतं! पाया खणताना सांगितलं. तू म्हणालीस, कोके, तुम्ही आयुष्यभर काठी वाचलीत, धंदा नाही केलात."

"आणि तुम्ही म्हणालात, आई असती तर तिने तोंड बघितलं नसतं माझं."

मी दाराआड उभी होते. ऐकू नये हे कळत होतं, हलले नाही.

"ते बोलायला नको होतं," तो म्हणाला.

"नकोच होतं."

"तिने बघितलं असतं. तिने तर तुझे पडदे शिवून दिले असते." मग थोड्या वेळाने, हळूच, "आकडे मात्र बरोबर होते."

"कोके!" समाल किंचाळली, आणि मग ती रडत होती की हसत होती, ते मला दाराआडून कळलं नाही.

आतून कुल्यान ओरडली, "भांडायचं तर आत येऊन भांडा, चहा निवतोय! आणि गुडघेवाल्या माणसाला पायरीवर काय उभं केलंय!"

तो आत आला. हॉटेलात पहिल्यांदा. भिंतीवरच्या मोठ्या फोटोसमोर उभा राहिला, खिशातून चष्मा काढला, जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाला, "हा आठ एप्रिलचा आहे. त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता, पाणी दोन हात वर चढलं होतं. एरवी त्याही वर्षी पायरीला टेकत नव्हतं."

समालने खुर्ची ओढली त्याच्यासाठी.

२२ जून, रविवार

माझा शेवटचा दिवस. सकाळी खाली आले तर भिंत रिकामी. फोटो काढला होता, तिथला चौकोन बाकीच्या भिंतीहून पांढरा दिसत होता. समालने रात्रीच इंटरनेटवरचेही सगळे फोटो बदलले. चिखल, बोरू, सगळं जसं आहे तसं. सकाळपर्यंत दोन बुकिंगं रद्द झाली. तिने ते मला शांतपणे सांगितलं.

बापलेक नाश्त्याला समोरासमोर बसले होते. तिने विचारलं, "अजून किती मागे जाईल?"

"मला माहीत नाही. मी मोजतो. भविष्य सांगत नाही."

"अंदाजाने?"

"अंदाजाने तू हॉटेल बांधलंस."

कुल्यानने त्याच्या पाठीत चमचा मारला. पण मग त्यांनी कागद काढला. सकाळी पाहुण्यांना निवातून डोहावर न्यायचं, दुपारी परत, राहणं-जेवण इथे. पांढऱ्या घरवालीच्या चार खोल्या भरल्या की उरलेले इकडे. निवाचं दार आधी दुरुस्त करायचं. कुल्यानला हंगाम संपेपर्यंत ठेवायचं, पुढचं तेव्हा बघू. चालेल की नाही, कोणालाच सांगता येत नव्हतं. समाल म्हणाली, "नाही चाललं तर बंद करीन. पण माणसं न सांगता पळाली म्हणून नाही करणार."

अहवाल दिला. नऊ पानं. तिने पहिल्यापासून वाचला. कॉफीचं यंत्र, चहा, टब. उशांच्या पानावर थांबून म्हणाली, "आपा, उशा खरंच उंच आहेत." मला बरं वाटलं, इतकं की लाज वाटली.

मग ती उठली, चपला काढल्या आणि म्हणाली, "चला, दाखवा मला." हॉटेल उघडल्यापासून ती एकदाही पाण्यापर्यंत गेली नव्हती. गच्चीवरूनच बघायची. आम्ही तिघं निघालो. कोसाय मोजत होता, ओठ हलत होते. चिखलात तिचा पाय घोट्याच्या वर रुतला, त्याने हात पुढे केला, तिने न बघता धरला. पाण्याशी पोचल्यावर ती बराच वेळ चालतच राहिली, आणि पाणी काही गुडघ्याच्या वर येईना. लांबून ओरडली, "कोके, थंड आहे!"

"सकाळी थंडच असतं!" तो ओरडला. आणि मग डोळे पुसायला टोपी काढली. मी पहिल्यांदाच त्याचं डोकं बघितलं. पार टक्कल.

दुपारी घरी आले. पाच जिने चढले. दारखानचा फोन होता. म्हटलं, या वर्षी मी येत नाही. घर विकायचं नाही. तो म्हणाला, "आई, तिथे एकटी काय करणार?" मी म्हटलं, "बघू. अजून बरंच बघायचंय." त्याने विचारलं, बरी आहेस ना. म्हटलं, उत्तम आहे.

कोसायने मला खालच्या दारापर्यंत सोडलं होतं. जाताना म्हणाला, "उद्या सकाळी सहाला खाली उभ्या राहा. गाडी घेऊन येतो." मी म्हटलं, बरं. वर आले, मासे भिजत घातले, झाडांना पाणी दिलं, हिरवा रुमाल धुऊन वाळत टाकला. आता वही मिटताना लक्षात आलं, कुठे जायचंय ते मी विचारलंच नाही.